तीन सायकली आणि पंधरा दिवसांचं निलंबन : एका गावातल्या शाळेचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावातली ही पाचवी ते दहावीची अनुदानित शाळा. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा, मुलं, कुणाचंच नाव दिलेलं नाही आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मी या भागातल्या शाळांसोबत मुलांच्या भांडणांवर काम करते. पद्धत पुनर्स्थापक न्यायाची (restorative justice) : ज्यानं नुकसान केलं आणि ज्याचं झालं त्यांना, दोघांची तयारी असेल तर, एका बैठकीत समोरासमोर बसवायचं आणि नुकसान कसं भरून निघेल ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा निलंबनाची तीन पत्रं टाइप होऊन सहीसाठी त्यांच्या टेबलावर आली होती.

काय घडलं

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तीन मुलींना आपल्या सायकली शेडच्या मागे आडव्या पडलेल्या दिसल्या. टायर पात्यानं चिरलेले, ब्रेकच्या तारा तोडलेल्या, एकीची चेन नाल्यात फेकलेली. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या या सायकली. दोघी मुली साडेतीन किलोमीटरवरच्या पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरच्या, तिसरी त्याच वाटेवरच्या वस्तीतली. पोडाकडे शाळेच्या वेळेला एसटी नाही. त्या संध्याकाळी मुली चिखलातून सायकली ढकलत घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिघींपैकी एकही शाळेत आली नाही.

करणारे कोण, हे शोधावं लागलं नाही. शिपाईकाकांनी पाहिलं होतं. नववीतले तीन मुलगे, विचारल्याबरोबर कबूल झाले.

पण याच्या आठवडाभर आधी आणखी एक गोष्ट घडली होती. पोडावरच्या दोघींपैकी एक नववीची मॉनिटर. मधल्या सुट्टीत हे तिघं संडासामागे खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खातात, असं तिनं वर्गशिक्षकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला, सगळ्या शाळेसमोर तिघांना उभं केलं, खिशात हात घालून पुड्या बाहेर काढल्या, आणि कुणी सांगितलं हेही तिथेच, नाव घेऊन जाहीर झालं. तिचं कौतुक म्हणून. विदर्भातल्या शाळेत ज्यानं काम केलं आहे त्याला ठाऊक आहे की खर्रा ही तोंडी लावायची गोष्ट राहिलेली नाही. पाचवी-सहावीतली पोरं पुडी घोटताना दिसतात. म्हणजे तक्रार गंभीर होती, ती करणारी मुलगी धाडसी होती, आणि शाळेनं तिला एकटीला भर मैदानात उभं करून ठेवलं.

पत्रावर सही झाली असती तर

पत्रात लिहिलं होतं : पंधरा दिवस शाळेत प्रवेश नाही, पुन्हा असं घडल्यास शाळा सोडल्याचा दाखला हातात देण्यात येईल. पालकांनी सही करून परत करावे.

मी मुख्याध्यापकांना एकच गोष्ट विचारली : हे पंधरा दिवस मुलगे कुठे असतील? ते म्हणाले, घरी. पण सोयाबीन कापणीला अजून वेळ होता, घरी माणूस नाही, आईबाप निंदणाला. मुलगे पानठेल्यावर असणार होते आणि पानठेला त्याच वाटेवर आहे, जिच्यावरून या मुली पोडाकडे जातात. निलंबन झालं की मुलगा वर्गातून जातो. मुलींना भीती वर्गाची नव्हतीच. मास्तरांच्या नजरेखालून काढून आपण त्याला नेमकं त्या रस्त्यावर, दिवसभरासाठी आणि डोक्यात राग घालून उभं करणार होतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. नववीत पाऊल टाकलं की हे कवच निघतं. आणि 2016 च्या दुरुस्तीनंतरचा बालमजुरीचा कायदा 14 पूर्ण केलेल्या मुलाला धोकादायक नसलेल्या कामावर ठेवू देतो. दोन कायद्यांच्या या फटीतून आमच्याकडची मुलं गळतात. दाखला हातात पडलेला नववीतला मुलगा दुसऱ्या शाळेत क्वचितच जातो. तो कापूस वेचायला जातो, वीटभट्टीवर जातो.

तिघांना ही शिक्षा सारखी पडणारही नव्हती. एकाच्या घरी वीस एकर ओलिताची शेती. त्याचे वडील म्हणाले होते, ‘पंधरा दिवस ट्यूशन लावून देतो तालुक्याले.’ दुसऱ्याचे वडील रोजमजूर. त्यांनी विचारलं, ‘काढलंच हाय तं उद्यापासून कामाले नेऊ का?’

मुख्याध्यापक कठोर माणूस नाहीत. त्यांची अडचण खरी होती. काहीच केलं नाही तर पोडावरचे लोक म्हणतील की मोठ्याच्या पोराला वाचवलं. ते म्हणणं चूकही नसतं. म्हणून मी त्यांना पत्र फाडा असं सांगितलं नाही, थांबवा म्हटलं.

आधी काय तपासलं

असं प्रकरण बैठकीला घेण्याआधी एक दार बंद करून यावं लागतं. आठवीच्या वर्गशिक्षिका तिघी मुलींच्या घरी गेल्या, प्रत्येकीशी एकटीशी बोलल्या. कुणी अंगाला हात लावला का, पाठलाग केला का, मोबाइलमध्ये फोटो काढला का, जातीवरून काही बोललं का, हे सगळं स्पष्ट शब्दांत विचारलं. लैंगिक त्रासाचा अंश जरी निघाला असता, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. तिथे शाळेला निवड नाही. जातीय अपमान निघाला असता तर तो 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याचा विषय झाला असता आणि त्यावर समजुतीची बैठक लावण्याचा अधिकार मला, मुख्याध्यापकांना, गावाला, कुणालाच नव्हता. निघालं ते इतकंच : परिपाठाच्या दिवसापासून वाटेत ‘चुगलखोर’ म्हणून ओरडत होते.

मी यावर रेंगाळते आहे याला कारण आहे. महाराष्ट्रात 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालली. तिच्यातून पुष्कळ भले समझोते झाले. पण गावात समेट म्हटलं की दुबळ्याच्याच खांद्यावर हात ठेवून ‘जाऊ द्या, पोट्टे हायेत’ म्हणायची सवयही जुनी आहे. पोडावरच्या मुलीला गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या मुलासमोर बसवायचं आणि मिटवून टाक म्हणायचं, याला मी न्याय म्हणणार नाही. आमच्या पद्धतीत मुलगी नाही म्हणाली असती तर बैठक झाली नसती आणि मुख्याध्यापकांनी नेहमीच्या वाटेनं निर्णय घेतला असता. हे तिला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

तयारी

बैठक एक दुपार चालली. तिच्याआधीच्या भेटींना कितीतरी जास्त वेळ गेला आणि काम त्या भेटींतच झालं.

मुलगे पहिल्यांदा एकच बोलत होते : गंमत केली, चुकलं, माफी मागतो. ही पाठ केलेली माफी आमच्या शाळांत रोज मागितली जाते आणि रोज स्वीकारली जाते. मी तिघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारले, जे या पद्धतीत जगभर विचारले जातात. काय झालं? तेव्हा मनात काय होतं? त्यानंतर काय वाटत आलं? कुणाकुणाला याचा त्रास झाला? आता ते सुधारायला काय करावं लागेल? ‘का केलंस’ हा प्रश्न यात नाही. त्यावर मुलगा एक तर खोटं बोलतो किंवा मान खाली घालतो.

मजुराच्या मुलाकडून उत्तर यायला वेळ लागला. मग म्हणाला, ‘साऱ्या शाळेसमोर सरनं माह्या खिशात हात घातला. घरी बापानं कमरपट्ट्यानं मारलं. मंग मले वाटलं, तिच्यामुळं झालं हे.’ आणि कुणाला त्रास झाला, या प्रश्नावर तो ‘सायकलीले’ म्हणाला. खरोखर तेवढंच त्याच्या डोक्यात होतं. मुली घरी कशा गेल्या असतील, हा विचार तोवर शिवलेला नव्हता.

मुलींच्या घरी मला जे ऐकायला मिळालं ते सायकलींपेक्षा फार मोठं होतं. वस्तीवरच्या मुलीच्या वडिलांनी शांतपणे सांगितलं, ‘सायकलही नको अन् शाळाही नको. सोयाबीनले माणूस भेटत नाही, घरीच कामाले येईन.’ मॉनिटर मुलीची आई म्हणाली, ‘शिकते म्हणून पाठोतो बाई. पण रस्त्यानं कोण पाहीन तिले?’ म्हणजे पात्यानं चिरलं गेलं होतं ते तिघींचं शिक्षण, आणि ही गोष्ट निलंबनाच्या पत्रात कुठेही नव्हती.

मुख्याध्यापकांनी या काळात विचारलं की ही पद्धत कुठून आली. मी त्यांना 1974 ची गोष्ट सांगितली, कारण ती या प्रकरणाला जवळची आहे. कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतात एल्मायरा नावाच्या गावी दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी तोडफोड केली. मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्यानं सुचवलं की या दोघांना त्या लोकांच्या दारात जाऊ द्या. न्यायाधीशांनी मान्य केलं. ते दारोदार गेले, नुकसान ऐकून घेतलं आणि भरून दिलं. पुढे न्यूझीलंडनं 1989 च्या कायद्यात गुन्हा केलेल्या मुलाच्या कुटुंबाची बैठक आणली. तिच्यामागे माओरी समाजाचा मोठा आग्रह होता. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये ही पद्धत शाळेत वापरली गेली. हे ऐकून सर म्हणाले की पोडावरचे कोलाम लोकही गोल बसूनच भांडणं ऐकतात. मी म्हटलं, मग आपल्याकडचे लोक हे आपल्याला शिकवतील.

बैठक

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गातले बाक भिंतीला लावले आणि सतरंजी अंथरली. तीन मुलगे, प्रत्येकाचं घरचं एक माणूस, मॉनिटर आणि वस्तीवरची मुलगी आपापल्या आयांसोबत, आठवीच्या वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक, शिपाईकाका आणि शाळा समितीतल्या एक बाई. पोडावरची दुसरी मुलगी, आठवीतली, आली नाही. तिला यायचं नव्हतं. तिनं तिच्या बाईंना निरोप सांगून ठेवला होता. सरपंचांना यायचं होतं, मी विनंती करून थांबवलं. त्यांच्यासमोर पोडावरच्या आया बोलल्या नसत्या.

मुलींच्या अटी आधीच ठरल्या होत्या. दाराजवळ आम्ही बसू. वाटेल तेव्हा उठून जाऊ. कुणीही मोबाइल काढणार नाही.

आधी मुलगे बोलले. मजुराच्या मुलानं जे मला सांगितलं होतं त्यातलं बरंच पुन्हा सांगितलं. मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा दोन वाक्यांत आटोपायला निघाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी मधेच म्हटलं, ‘पैसे सांगा जी. तीनही नव्या घेऊन देतो, विषय संपवा.’ त्यांना वाटलं ते उदारपणा करत आहेत. वस्तीवरच्या मुलीची आई त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, ‘नवी सायकल घेऊन पोरगी कोण्या रस्त्यानं जाईन, भाऊ?’ त्यावर त्यांना उत्तर सुचलं नाही. माझ्या मते बैठक खऱ्या अर्थानं तिथे सुरू झाली.

मॉनिटर मुलगी बोलली ती अगदी थोडं. त्या संध्याकाळी सायकल ढकलताना अंधार पडला, नाल्याला पाणी होतं, बहिणीनं रडायला सुरुवात केली तेव्हा मला रडता आलं नाही, असं ती म्हणाली. मग म्हणाली, ‘मी तुमचं नाव वाईट कराले नाही सांगतलं. माह्या मोठ्या बाबाचं तोंड उघडत नाही खर्ऱ्यानं.’ तोंड न उघडण्याचा हा आजार आमच्या गावागावात आहे, तंबाखू-सुपारीनं गालाच्या आतलं कातडं ताठ होत जातं आणि त्यातून पुढे कर्करोगही होतो. मुलांना पुस्तकातलं चित्र दाखवून कळत नाही ते त्या एका वाक्यानं कळलं. तिसरा मुलगा, जो तोवर गप्प होता, हमसून रडला. त्याच्या घरीही तसाच एक माणूस होता.

आठवीच्या मुलीचा निरोप बाईंनी जसाच्या तसा सांगितला : ‘मले दादाकडून माफी नको. मले शाळेत याचं हाय.’

यानंतर मुख्याध्यापक बोलले, आणि हे मी त्यांच्याकडून मागितलं नव्हतं. ते त्या मुलीला म्हणाले की परिपाठात तुझं नाव घ्यायला नको होतं, ती आमची चूक. मग मुलांकडे वळून म्हणाले की खिशात हात घालायचा तोही असा सगळ्यांसमोर घालायला नको होता. त्या खोलीत सगळ्यात मोठं माणूस आपली बाजू खाली ठेवतं आहे, हे पाहिल्यावर बापमंडळींचे आवाज बदलले. शाळा स्वतः या नुकसानीत सहभागी होती. ते नाकारून घेतलेली बैठक मुलांनी ओळखली असती.

ठरवायची वेळ आली तेव्हा समितीच्या बाई म्हणाल्या, हात वर करून घेऊ. मी नाही म्हटलं. खोलीत मुलींकडचे लोक कमी होते, बहुमतात त्या हरल्या असत्या. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावची ग्रामसभा वर्षानुवर्षं सर्वसहमतीनं निर्णय घेत आली आहे, एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलते. तसंच इथे केलं. एका मुद्द्यावर बराच वेळ अडलो, पण मतदान केलं नाही.

ठरलं ते असं. सोमवारी सकाळी मुलगे आपल्या घरच्या सायकली पोडावर आणि वस्तीवर नेऊन देतील, मुलींच्या दुरुस्त होईपर्यंत त्या मुलींकडे राहतील. सामानाचा खर्च तीन घरांत सारखा वाटला जाणार नाही, ज्याला जसं झेपेल तसं. पण दुरुस्ती तिघं स्वतः करतील, रविवारी सायकल मिस्त्रींच्या हाताखाली बसून, आणि ब्रेक तपासून सायकल हातात देतील. दिवाळीपर्यंत तिघं शाळा सुटल्यावर शिपाईकाकांसोबत वर्ग झाडून उशिरा निघतील, म्हणजे मुली घरी पोचेपर्यंत वाट मोकळी. अडलो होतो तो मुद्दा हाच. एका वडिलांना झाडलोट अपमानाची वाटत होती. शिपाईकाका म्हणाले, ‘मी रोज झाडतो जी.’ मग ते मान्य झालं. शाळेकडून दोन गोष्टी : परिपाठात कुणाचंही नाव घेऊन तक्रार जाहीर होणार नाही, आणि पानठेल्याबाबत ग्रामपंचायतीला व पोलीस ठाण्याला लेखी पत्र जाईल.

पानठेल्याचा विषय मुलग्यांच्याच तोंडून निघाला. पुडी कुठून मिळते, हे त्यांनीच सांगितलं. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तीन मुलांना घरी बसवायला निघालेल्या गावात या माणसाला कुणी एक शब्द विचारला नव्हता.

पुढे

सोमवारी सायकली पोचल्या. दोघी मुली त्याच दिवशी आल्या. वस्तीवरची तिसऱ्या आठवड्यात आली, तेही तिच्या आईनं वडिलांशी भांडून पाठवल्यावर. दुरुस्ती दोन रविवारांत झाली, मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही.

वाट शांत राहिली. पण सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. मोठ्या शेतकऱ्याच्या मुलानं वर्ग झाडायला दोनदा दांडी मारली, तेव्हा छोटी बैठक पुन्हा घ्यावी लागली. सहामाहीनंतर त्याच्या वडिलांनी त्याला तालुक्याच्या शाळेत घातलं. मजुराचा मुलगा कापूस वेचणीच्या दिवसांत बरेच दिवस गैरहजर होता, मॉनिटर मुलगीही होती. त्याला हे प्रकरण जबाबदार नाही, घरचं पोट जबाबदार आहे. दोघं डिसेंबरअखेर परत आले. शाळेच्या पत्रानंतर पानठेला काही दिवस बंद होता, मग रस्त्याच्या पलीकडे, मोजून अंतर सोडून, पुन्हा लागला. लहान मुलांना पुडी देणं थांबलं की नाही, यावर माझा विश्वास बसलेला नाही. समितीच्या बाईंनी ग्रामसभेत हा विषय दुसऱ्यांदा मांडला आहे.

दोन शिक्षकांचा विरोध होता आणि तो मी इथे नोंदवते. एक म्हणाले, एवढा वेळ प्रत्येक भांडणाला कोण देणार, दोन वर्गांवर एक शिक्षक असताना? हे खरं आहे. साध्या भांडणाला बैठक लागत नाही, वर्गात चार प्रश्न विचारून भागतं. मोठ्या प्रकरणाला वेळ लागतोच. दुसरे म्हणाले, इतर मुलांचं नुकसान होतं. यालाही आधार आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या 44 शाळांत झालेल्या रॅन्ड संस्थेच्या अभ्यासात, जो 2018 च्या शेवटी प्रसिद्ध झाला, या पद्धतीमुळे निलंबनाचे दिवस घटले आणि शाळेचं वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी घसरली. म्हणून शिक्षकांना प्रशिक्षण आणि वेळ न देता ही पद्धत परिपत्रकानं सगळ्या शाळांवर लादली जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पण एका मुलाला पंधरा दिवस रस्त्यावर सोडून शाळा सुरक्षित होते, हे मला कुणी अजून दाखवून दिलेलं नाही.

मुख्याध्यापकांनी ती तीन पत्रं शाळेच्या फाइलीत तशीच लावली आहेत, सही न करता, आणि त्यामागे बैठकीचा करार, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा हे प्रकरण नव्या शिक्षकांना वाचायला द्यायचं आणि पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत या पद्धतीचा ठराव मांडायचा, असं ठरलं आहे. ठरावाच्या मसुद्यात मी दोन वाक्यं आवर्जून घातली आहेत : लैंगिक त्रास आणि जातीय अपमान यांवर बैठक होणार नाही. आणि ज्याचं नुकसान झालं तो मुलगा किंवा मुलगी नाही म्हणाली, तर बैठकीचा विषय तिथेच थांबेल.